भाडे आणि भाड्यावरचे

कर्जत, नेरळ, खोपोली किंवा चौक, यांपैकी कोणत्याही गावात भाड्याने खोली पाहायला गेलात, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाडे किती?" आणि उत्तरही ठरलेले असते, "अमुक इतके, वरचे वेगळे." भाड्याच्या आकड्यावर आपण घासाघीस करतो, दोनशे-पाचशे रुपये कमी करून घेतो आणि लढाई जिंकल्यासारखे घरी येतो. पण या 'वरचे' शब्दाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. पुढे महिना भरला, की विजेचे, पाण्याचे, झाडूवाल्याचे, जिन्यातल्या दिव्याचे, सोसायटीच्या 'मेन्टेनन्स'चे पैसे एकामागून एक दारात उभे राहतात, आणि घासाघिशीत वाचवलेले पैसे त्यात केव्हाच वाहून जातात.

हे 'वरचे' आले कुठून? ते देणे कोण लागतो? त्यातले किती घर वापरणाऱ्याने द्यायचे आणि किती घराच्या मालकाने? हे प्रश्न वाटतात आजचे, पण त्यांना इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याच मुलुखात घडलेला आहे. तो थोडक्यात सांगावा, असा या भाषणाचा हेतू आहे. आपल्यापैकी काही जण बदलीच्या गावी खोली घेऊन राहणारे शिक्षक असतील. काहींची मुले कारखान्यात कामाला लागून खोपोलीला भाड्याने राहत असतील. काहींनी घरामागच्या मोकळ्या जागेत चार खोल्या बांधून त्या भाड्याने दिल्या असतील. तेव्हा भाडे देणारा आणि घेणारा, दोघेही समोर बसले आहेत, असे समजूनच मी बोलणार आहे.

पहिली गोष्ट अशी, की मुख्य देणे एक आणि त्याला चिकटलेली पोटदेणी अनेक, ही रीत फार जुनी आहे. मराठेशाहीच्या कारभारात जमिनीचा सारा तर होताच. पण त्याखेरीज घरपट्टी असे, म्हशींवर म्हैसपट्टी असे, लग्न लागले की लग्नटका आणि पाट लावला की पाटदाम असे. अशा देण्यांना 'पट्टी' किंवा 'बाब' म्हणत. सारा किती, हे रयतेला तोंडपाठ असे. पण वर्षाकाठी सगळे मिळून हातून किती गेले, हे सांगणे तिला अवघड जाई. पोटदेण्यांचा खरा त्रास इथेच असतो. प्रत्येक बाब लहान दिसते, म्हणून तिच्यावर कोणी भांडत नाही, आणि सगळ्या बाबींची बेरीज कोणी करत नाही. त्यातला 'घरपट्टी' हा शब्द मात्र टिकला. आज ग्रामपंचायतीचा शिपाई जी पावती घेऊन येतो, तिच्यावर तोच शब्द छापलेला असतो.

इंग्रजी अमलात सरकारी साऱ्याची मोजणी होऊन तो आकारला गेला. पण सरकार आणि कूळ यांच्यामध्ये जो धनी बसला होता, त्याच्या मागण्यांना कोणती मोजपट्टी लावणार? आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. कर्जतचा भाग तर १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. रत्नागिरी आणि कुलाबा या जिल्ह्यांत खोतीची पद्धत होती. खोत कुळाकडून पिकाचा वाटा घेई, हे झाले मुख्य देणे. पण त्यावरही मागण्या असत. ठिकठिकाणी दर आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबावे लागे. तिला 'आठवेठ' म्हणत. ही वेठ कोणत्या करारात लिहिलेली नसे. "आजवर चालत आले आहे," एवढाच तिचा आधार.

याविरुद्ध आपल्या जिल्ह्यात जे घडले, ते साऱ्या महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगे आहे. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली संप पुकारला. संप म्हणजे काय, तर सावकार-खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमीन पडीक ठेवून राहायचे, म्हणजे पोटाला किती चिमटा घ्यावा लागला असेल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. त्याच काळात, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा पुढे १९४९ साली झाला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे आहे १९४८ च्या कूळकायद्याचे ११ वे कलम. ते सांगते, की कायदेशीर खंडाखेरीज कोणताही उपकर, पट्टी, हक्क, कर किंवा सेवा जमीनमालकाने कुळाकडून घ्यायची नाही. मग तसा करार असो, रूढी असो, की कोर्टाचा हुकूमनामा असो. पाहा, किती सरळ नियम आहे हा! जे काय घ्यायचे, ते एका नावाखाली, एका आकड्यात घ्या. त्यावरचे सारे बंद. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. कुळाने मालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चाने राहते घर बांधले असेल, तर जमीन सुटली तरी त्या घरातून त्याला हुसकून लावता येत नाही. शेताचे कूळ हे घराचेही भाडेकरू असते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग हाच नियम राहत्या घराला का लावला नाही? भाडे तेवढे घ्या, बाकी सारे बंद! ऐकायला हे छान आहे, पण घर हे शेत नव्हे. आठवेठीच्या बदल्यात कुळाला काहीच मिळत नसे. ती निव्वळ उकळणी होती. भाड्याच्या घरातला दिवा मात्र खरोखरच जळतो, पाणी खरोखरच वर चढवावे लागते आणि जिना कोणीतरी झाडतो. तो खर्च खरा आहे. प्रश्न एवढाच, की तो कोणाचा?

जुन्या काळी हा प्रश्न फारसा उठत नसे, कारण घरे एकमेकांना जोडलेली नव्हती. प्रत्येक बिऱ्हाडाचा कंदील आपापला, त्यातले रॉकेल आपापले. पाणी विहिरीवरून किंवा नदीवरून घरच्या बाईने डोक्यावर आणलेले. कचरा परड्यातल्या उकिरड्यावर. यांपैकी कशाचेही बिल येत नसे, म्हणून ते वाटून घेण्याचा प्रश्नही नव्हता. घरे तारेने, नळाने आणि गटाराने एकमेकांना जोडली गेली, तेव्हा सामाईक खर्च जन्माला आला. भाड्यावरचे 'वरचे' म्हणतात ते खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचे.

आणि ही तार निघाली कुठून, ठाऊक आहे ना? आपल्याच डोंगराच्या पायथ्यापासून. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधायची, पावसाचे पाणी साठवायचे आणि ते मोठाल्या नळांतून घाटाखाली सोडून त्यावर यंत्रे फिरवायची, अशी टाटांची योजना होती. त्याप्रमाणे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली आले. ही वीज गेली मुंबईला, तिथल्या गिरण्यांना. उंच मनोऱ्यांवरून तारा आमच्या शेतांवरून गेल्या, पण खालच्या घरात कंदीलच राहिला. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले, हा इतिहास या भागातल्या प्रत्येक शाळेत सांगितला जातो. खेड्यापाड्यांत वीज पोहोचू लागली ती मुख्यतः १९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाल्यावर. घरात मीटर आले आणि मीटरबरोबर वाटणीचा प्रश्नही आला.

कायद्याने या वाटणीकडे कसे पाहिले, ते आता पाहू. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्यात तो १८९३ साली लागू झाला. त्यात भाडेकरूच्या बाजूने दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे, ती त्याने कळवूनही वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. तसेच जो पैसा मालकाने भरायला हवा आणि न भरल्यास भाडेकरूच्या गळ्यात येईल, तो भाडेकरूने भरून भाड्यातून कापून घ्यावा. म्हणजे मालकाचा खर्च निराळा आणि राहणाऱ्याचा निराळा, ही रेघ सव्वाशे वर्षांपेक्षाही जुनी आहे. मात्र "करारात वेगळे ठरले नसेल, तर" हे शब्द विसरू नका. त्यांच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली, आणि १९१८ साली पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुन्हा कायदे झाले, आणि अखेरीस १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी पायाभूत धरली. तिथे दोन शब्द आले, 'प्रमाणभाडे' आणि 'परवानगीची वाढ'. प्रमाणभाडे गोठलेले, वाढ मात्र नगरपालिकेचे कर वाढले वा घरात सुधारणा केली, तर ठरलेल्या मर्यादेत घेता येई. हेतू चांगला होता. गिरणीकामगाराच्या डोक्यावर छप्पर टिकले, ते या कायद्याने. आपल्या भागातून मुंबईला गेलेली कित्येक कुटुंबे त्याच आधाराने तिथे तगून राहिली.

पण समोरच्या दारातून जे येऊ दिले नाही, ते मागच्या दारातून आले. भाडे वाढवता येत नाही म्हटल्यावर जागा देताना रोख 'पगडी' मागण्याची चाल पडली. कायद्याने ती बेकायदा ठरवली, तरी ती चालूच राहिली. शिवाय भाडे इतके अपुरे पडू लागले, की मालकाने दुरुस्ती करणे सोडले. चाळी खिळखिळ्या झाल्या. शेवटी १९६९ साली मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ नेमून खास दुरुस्ती उपकर बसवावा लागला, आणि त्याचा बराच भार भाडेकरूंवरच आला. यातून घ्यायचा धडा असा, की घराचा खरा खर्च नाकारला, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो दुसरे नाव घेऊन येतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली गोठलेल्या प्रमाणभाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. मग महाराष्ट्राने १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा केला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

दरम्यान घरांचे रूपच पालटत होते. १९६० साली सहकारी संस्थांचा कायदा झाला, १९६३ साली मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला, आणि 'ब्लॉक' नावाचे घर आले. चाळीचा मालक एक होता. आता इमारतीत जितकी दारे तितके मालक. या १९६३ च्या कायद्यात जमिनीचा सारा, स्थानिक कर, पाणी, वीज अशा चालू देण्यांची यादीच दिली आहे, आणि इमारत संस्थेच्या ताब्यात जाईपर्यंत ती देणी बांधणाऱ्याने भरावीत, असे म्हटले आहे. पुढे ती संस्था भरते आणि सभासदांकडून दरमहा गोळा करते. हाच तो 'मेन्टेनन्स'. मुंबईपासून लोकलने जोडलेल्या नेरळ-कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात आज अशा इमारती जागोजाग उभ्या आहेत, आणि त्यांतले कितीतरी ब्लॉक भाड्याने दिलेले आहेत. भाडेकरू संस्थेचा सभासद नसतो. सभेत त्याला मत नसते. पण सभेने ठरवलेला पैसा पुष्कळदा त्याच्याच खिशातून जातो. म्हणून त्या बिलात काय काय असते, हे त्याला कळायला हवे.

संस्थेच्या बिलातल्या रकमा तीन ढिगांत वाटून पाहा. पहिला ढीग वापराचा: घरातली वीज आणि नळाचे पाणी. दुसरा ढीग इमारत चालती ठेवण्याचा: रखवालदार, सफाई, जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट. तिसरा ढीग मालमत्तेचा: घरपट्टी, दुरुस्ती निधी, आणि इमारत पुढे कधी नव्याने बांधावी लागेल म्हणून साठवायचा निधी, ज्याला 'सिंकिंग फंड' म्हणतात. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का या शेवटच्या निधीत आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा व्हावा लागतो. आता विचार करा. अकरा महिन्यांसाठी राहायला आलेल्या माणसाने पन्नास वर्षांनी होणाऱ्या इमारतीसाठी पैसे का साठवावेत? ती पुंजी ज्याची मालमत्ता, त्याची. घरपट्टीचेही तसेच. नगरपालिकेच्या कायद्यात तिची पहिली जबाबदारी मालकावर आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. समजा, महिन्याचे बिल १,८०० रुपयांचे आहे. त्यात सेवाखर्च ९००, पाणी २००, घरपट्टी ३००, दुरुस्ती निधी २५० आणि सिंकिंग फंड १५०. पहिल्या दोन ढिगांची बेरीज झाली १,१००, तिसऱ्याची ७००. भाडेकरूने "मेन्टेनन्स माझ्याकडे" असे मोघम कबूल केले, तर अकरा महिन्यांत तो ७,७०० रुपये मालकाच्या मालमत्तेपायी भरून बसतो. त्याशिवाय ब्लॉक भाड्याने दिला म्हणून संस्था मालकाकडून वेगळी रक्कम घेऊ शकते. पूर्वी काही संस्था ती वाटेल तेवढी लावत. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने तिला मर्यादा घातली. सेवाखर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक ती घेता येत नाही. आपल्या उदाहरणात ती झाली ९० रुपये. तीही मुळात मालकाला लावलेली आहे, भाडेकरूला नव्हे.

चाळीवजा खोल्यांत सोसायटी नसते, पण तिथे विजेचा घोळ असतो. पुष्कळ ठिकाणी मालकाच्या नावे एकच मीटर आणि खोलीखोलीला पोटमीटर. आता घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा, आणि पुढे आणखी चढा. समजा तीन खोल्यांत प्रत्येकी ९० युनिटे जळली. तिघांची वेगळी मीटरे असती, तर एकही युनिट दुसऱ्या टप्प्यात गेले नसते. एकाच मीटरवर मात्र ती २७० झाली, आणि १७० युनिटे चढ्या दराने मोजली गेली. इथे मालकाने एक पैसाही खाल्लेला नाही, तरी तिन्ही भाडेकरू जादा भरताहेत. पुष्कळ भांडणे अशीच होतात. भाडेकरूला वाटते मालक लुबाडतो, मालकाला वाटते मी बिल आले तेवढेच मागतो, आणि दोघांचेही खरे असते. उपाय वेगळ्या मीटराचा. २००३ च्या वीज कायद्यात जागेच्या मालकाप्रमाणेच तिथे राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क दिलेला आहे.

दुसऱ्या देशांत काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत निम्म्याच्या आसपास कुटुंबे भाड्याने राहतात, आणि तिथे भाड्याला दोन नावे आहेत, 'थंड भाडे' आणि 'गरम भाडे'. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे. गरम भाडे म्हणजे घर तापवण्याच्या खर्चासह आणि इतर चालू खर्चांसह. भाडेकरूवर कोणते खर्च टाकता येतात, त्यांची सतरा बाबींची यादी २००४ पासून नियमात दिलेली आहे. दुरुस्तीचा आणि मालकाच्या कारभाराचा खर्च तिच्यात बसत नाही. भाडेकरू दरमहा अंदाजाने रक्कम देतो, आणि वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत मालकाने हिशेब द्यायचा. जादा घेतले असेल ते परत. हिशेब उशिरा दिला, तर उरलेली बाकी मागण्याचा हक्क मालक सहसा गमावतो. आपल्या कूळकायद्याने 'वरचे सारे बंद' म्हटले. जर्मनांनी 'वरचे घ्या, पण नाव सांगून आणि हिशेब देऊन' म्हटले. घराच्या बाबतीत हा दुसरा मार्ग अधिक जुळणारा दिसतो.

आपल्याकडे तशी सक्तीची यादी नाही, म्हणून सारी भिस्त करारावर. मघाशी मी "करारात वेगळे ठरले नसेल, तर" हे शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते याचसाठी. करार अकरा महिन्यांचा का करतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागे. ती खटपट चुकवण्यासाठी अकरा महिन्यांची चाल पडली. पुढे १९७३ साली भाडे कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, आणि मालक अधिकच सावध झाले. १९९९ च्या कायद्याने मात्र ही पळवाट बुजवली. तो कायदा ज्या गावांना लागू आहे, तिथे भाड्याचा वा परवान्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती, याबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरले जाते. खोटे ठरवायचे तर मालकाने तसे सिद्ध करावे लागते. आता सांगा, "आमचे तोंडी ठरले आहे" म्हणणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेत नाही काय?

त्याच कायद्यातली आणखी दोन कलमे प्रत्येक भाडेकरूने ध्यानात ठेवावीत. जागेपोटी घेतलेल्या कोणत्याही रकमेची लेखी पावती त्याच वेळी देणे मालकावर बंधनकारक आहे. भाड्याचीच नव्हे, 'वरच्या' पैशांचीही. आणि पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या आवश्यक सोयी मालकाला योग्य कारणावाचून तोडता येत नाहीत. पैशांवरून वाद झाला, तर वाद घालावा, दाद मागावी. पण लेकरेबाळे असलेल्या घराचे पाणी बंद करणे हा वाद मिटवण्याचा रस्ता नव्हे.

हे सारे ऐकून खोल्या भाड्याने देणारा कोणी म्हणेल, "सगळे कायदे भाडेकरूचेच! आम्ही कर्ज काढून चार खोल्या बांधल्या, आम्ही काय खोत आहोत?" त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हातारपणी दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी माणसे आपल्या गावांत पुष्कळ आहेत, आणि खर्च न देता निघून जाणारे भाडेकरूही आहेत. म्हणूनच हिशेब उघडा असण्यात मालकाचाही फायदा आहे. घरपट्टी आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याला झेपत नसेल, तर तो भाड्याच्या आकड्यात धरावा आणि भाडे तेवढे सांगावे. भाडे मोठे सांगितले, तर समोरचा विचार करून हो किंवा नाही म्हणेल. भाडे लहान सांगून पुढे बाबींमागून बाबी काढल्या, तर त्याचा विश्वास उडेल, आणि उडालेला विश्वास डिपॉझिट परत करण्याच्या दिवशी दोघांनाही महाग पडतो.

तेव्हा खोली घेण्याआधी एक साधी गोष्ट करावी. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: वापराचा खर्च, इमारतीचा चालू खर्च आणि मालमत्तेचा खर्च. मालकाकडून मागच्या दोन-तीन महिन्यांची विजेची व सोसायटीची बिले मागून घ्यावीत आणि प्रत्येक रक्कम आपापल्या रकान्यात मांडावी. मीटर वेगळे की सामाईक, पाण्याचे पैसे माणशी की खोलीगणिक, पंप बिघडला तर कोणी दुरुस्त करायचा, राहायला गेल्या दिवशी मीटरचा आकडा किती होता, हे त्याच पानावर लिहावे. मग त्यातले ठरलेले करारात घालावे. शिक्षकांना तर मी असे सुचवीन, की सातवी-आठवीच्या वर्गाला हाच हिशेब गणित म्हणून घालावा. नफातोट्याच्या पुस्तकी उदाहरणांपेक्षा मुलांना तो लवकर कळेल, आणि ज्या घरी तो लागू असेल, तिथे संध्याकाळी आईबापांपर्यंतही पोहोचेल.

चरीच्या शेतकऱ्यांना आपले हक्काचे मागायला सहा वर्षे शेत पडीक ठेवावे लागले. आपल्याला आज एक पावती मागायची आहे, आणि एक पान लिहून घ्यायचे आहे. ती पावती मागताना संकोच करू नये, आणि देताना रागावू नये.